आधी वासरू, मग खरवस

बीड जिल्ह्यात आष्टी-पाटोद्याकडे गाय व्याली, की घरातली मुले खरवसाची वाट पाहू लागतात. चिकात गूळ घालून तो वाफवला की छान वड्या पडतात. साधे दूध मात्र कितीही उकळा, असे घट्ट होत नाही. असे का?

दुधातले मुख्य प्रथिन केसीन. ते नुसत्या उष्णतेला सहजी दाद देत नाही. पहिल्या चिकात मात्र दुसऱ्या प्रकारची प्रथिने विपुल असतात. सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या पुढे त्यांच्या रेणूंच्या गुंडाळ्या उलगडतात. उलगडलेल्या साखळ्यांवर ऋण विद्युतभार असल्याने त्या एकमेकींना दूर लोटतात; पण दोन धनभार असलेले कॅल्शियमचे आयन त्यांना जवळ आणतात. साखळ्यांचे जाळे बनते, त्यात पाणी अडकते. हाच खरवस!

पण मित्रांनो, या प्रथिनांत मोठा वाटा रोगांशी लढणाऱ्या प्रतिपिंडांचा असतो. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात ती जवळजवळ नसतात. चिकातली प्रतिपिंडे आतड्यातून रक्तात जातात ती पहिल्या सुमारे २४ तासांतच, आणि दर तासाला हे दार मिटत जाते. शिजवलेल्या चिकात तर त्यांचे सामर्थ्यच उरत नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. जार पडेपर्यंत वासराला पाजू नये, ही समजूत सोडावी. पहिल्या तास-दोन तासांतच त्याला पोटभर चीक मिळावा. उरेल त्याचा खरवस खुशाल करावा. आपली वडी थोडी लहान झाली तर काय बिघडले?