कोंबड्या मरायची वाट कशाला पाहायची?

वाचकहो, फेब्रुवारी २००६ मधले नवापूर आठवते ना? कोंबड्या पटापट मरू लागल्या, तेव्हा आधी राणीखेतचाच संशय आला. भोपाळच्या प्रयोगशाळेने नमुने तपासले आणि देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या जिल्ह्यात निघाला. लाखो पक्षी मारावे लागले. माणसांत लागण सिद्ध झाली नाही, हे आपले नशीब. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापूरवर तीच पाळी पुन्हा आली. त्याच वर्षी हरियाणातला एक मुलगा याच ‘एच-५ एन-१’ विषाणूने दगावला.

‘एच’ आणि ‘एन’ ही विषाणूच्या अंगावरच्या दोन प्रथिनांची नावे. अशी प्रथिने ओळखणारे मास स्पेक्ट्रोमीटर नावाचे यंत्र आहे. त्याला सोनाराचा अतिशय नाजूक काटा म्हणा. प्रथिनाचे ठरावीक जागी तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा तोलायचा आणि वजनांवरून प्रथिन कोणाचे ते ताडायचे. कोरोनाच्या साथीत पवईच्या आयआयटीतील संशोधकांनी रुग्णांच्या नाकातील नमुन्यांवर हे करून पाहिले.

मग शेडमधून वाहणाऱ्या पाण्यावर हे का करू नये? अडचण आहे. त्या पाण्यात विष्ठा, पिसे, खाद्य, जिवाणू या सगळ्यांची प्रथिने असतात. त्या गर्दीत विषाणूचे प्रथिन चिमूटभर. पीसीआर तपासणीत जनुकाच्या लाखो प्रती काढता येतात, प्रथिनाच्या तशा काढता येत नाहीत. शिवाय प्रथिन सापडले म्हणजे विषाणू जिवंतच आहे असेही नाही. म्हणून आज तरी पहिली चाचणी पीसीआरचीच हवी. काट्याने तिला जोड द्यावी.

माझे म्हणणे एवढेच, की कोट्यवधींचे यंत्र नंदुरबारला नको, पण नमुना मात्र नंदुरबारचाच हवा. मुंबईत पोलिओसाठी सांडपाणी तपासतात, ते रुग्ण सापडण्याची वाट न पाहता. तसेच आपल्याकडे थंडीच्या दिवसांत दर आठवड्याला शेडचे आणि कोंबडीबाजाराचे पाणी बाटलीत भरून, बर्फात ठेवून, तपासणीला पाठवावे. काही सापडलेच तर पोल्ट्रीवाल्याला भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळावी. ती नसेल तर बाटली भरू देणार कोण? कर्ज काढून शेड उभारणारा माणूस आधी पोटाचा विचार करतो, त्याला दोष कसा द्यावा?

आणि वाचकहो, शेडवर काम करणाऱ्या माणसाला ताप आला तर डॉक्टरांना आपले काम आधी सांगा. त्याला यंत्र लागत नाही.