शेवाळ मारणारा विषाणू : भ्यायचं कशाला, आणि जपायचं कशाला



उन्हाळ्यात आमच्या शेततळ्याचं पाणी हिरवंगार झालं. वर रंग सांडल्यासारखी साय. पुतण्या म्हणाला, "काका, असं शेवाळ मारणारा विषाणू असतो म्हणे." शेजारी म्हणाले, "पाण्यात विषाणू सोडता? करोना विसरले का?"

विषाणू म्हटलं की लगेच भ्यायचं कारण नाही. हरभऱ्यावर घाटे अळीसाठी आपण एचएएनपीव्ही फवारतो, तोही विषाणूच. अळी मारतो, माणसाला, ढोरांना, मधमाशीला काही करत नाही. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक माणसं गेली, ती रासायनिक औषधानं. शेवाळाचा विषाणूही ठरावीक शेवाळच धरतो. शास्त्रज्ञांना तो १९६३ पासून माहीत आहे.

माझी भीती वेगळी आहे. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जातींच्या पेशीतच विष असतं. विषाणू आत वाढतो आणि पेशी फोडून बाहेर येतो. शेवाळ मेलं, पाणी निवळलं; पण विष पाण्यात मोकळं झालं. ते यकृतावर जातं आणि उकळूनही जात नाही. वरून सडणारं शेवाळ पाण्यातला प्राणवायू ओढतं, मासे मरतात.

हे नुसतं पुस्तकी नाही. ऑस्ट्रेलियात पाम आयलंडवर १९७९ मध्ये धरणातल्या शेवाळावर मोरचूद टाकलं. त्यानंही पेशी फुटतात. काही दिवसांत ते पाणी पिणारे १४८ जण दवाखान्यात गेले, त्यात बहुतेक लेकरं.

एचएएनपीव्हीला सरकारी नोंदणी आहे, मात्रा ठरलेली आहे. शेवाळाचा विषाणू अजून प्रयोगापुरताच आहे. उद्या कोणी बाटली हातात दिली तर एवढंच विचारा : शेवाळ मेल्यावर किती दिवसांनी ढोरांना पाणी पाजायचं? पाण्यातलं विष तपासलं का? उत्तर नसलं तर बाटली परत करा.

आणि शेवाळ वाढतं कशावर? आपल्याच युरिया, डीएपी अन् शेणाच्या धुपावर. विषाणूनं आजचं शेवाळ मरेल, खत तळ्यातच राहील, शेवाळ परत येईल. म्हणून तळ्याच्या तोंडाशी गवताचा पट्टा ठेवा, पाऊस तोंडावर असताना खत फेकू नका, अन् हिरवी साय दिसली की ढोरं तिथं पाजू नका.

कृषी विज्ञान केंद्राच्या मंडळींना एक विनंती. माती परीक्षणासारखी शेततळ्याच्या पाण्यातलं विष तपासायची सोय तालुक्याला करा. औषध नंतर आलं तरी चालेल, तपासणी आधी पाहिजे.