पांगुळगाडा माळ्यावर, बाळ वॉकरमध्ये

भडगावकडच्या घरांत बाळ धरून उभे राहू लागले की सुताराला पांगुळगाडा सांगण्याची रीत होती. तीन चाके आणि धरायला आडवा दांडा. थोरल्याचा गाडा धाकट्याला, मग भाचराला, असा तो नात्यात फिरत असे. आता त्याच्या जागी प्लॅस्टिकचा गोल वॉकर आला आहे. मूल त्यात बसवले की आई भाकरी टाकायला मोकळी होते, हे खरे. कपाशीच्या वेचणीत घरी एकट्या आजीकडे नातवंड असेल, तर ही सोय कुणालाही हवीशी वाटेल. पण दोन्ही वस्तूंचे काम सारखे नाही.

पांगुळगाड्यामागे मूल स्वतःच्या पायांवर उभे असते. अंगाचा भार तेच पेलते, तोल तेच सांभाळते, पाऊल कुठे पडते ते त्याला दिसते. वॉकरमध्ये भार बैठकीवर जातो, मूल चवड्यांनी जमीन ढकलते आणि पुढच्या ताटलीमुळे त्याला आपले पाय दिसतही नाहीत. वॉकरने चालणे लवकर येते हा निव्वळ समज आहे. उलट धोका मोठा. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात सव्वा वर्षाच्या आतली २ लाख ३० हजारांहून अधिक बाळे वॉकरच्या अपघातांमुळे तातडीच्या उपचारांसाठी न्यावी लागली. बहुतेकांना मार डोक्याला किंवा मानेला होता आणि सुमारे तीन चतुर्थांश बाळे जिन्यावरून पडलेली होती. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. आपल्याकडे जिन्याऐवजी ओटा असतो, चुलीवर उकळती डाळ असते आणि दाराशी पाण्याची टाकी असते.

मूल चालायला शिकते ते पडून. न्यूयॉर्कमधील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक ते दीड वर्षाची मुले मोकळेपणी खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावले टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. ‘अरे पडशील’ म्हणून दर वेळी कडेवर उचलले, तर ही शिकवणी बुडते. त्याला पडू द्यावे. जमीन तेवढी सपाट आणि कोरडी असावी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी सूचना दिल्या. रांगण्याआधीच्या बाळाला जागेपणी दिवसातून किमान अर्धा तास, थोडा थोडा वेळ, पालथे ठेवावे. एक ते चार वर्षांच्या मुलांची हालचाल दिवसभरात १८० मिनिटे व्हावी. तिसऱ्या वर्षानंतर त्यातला तासभर तरी धावपळीचा असावा. दोन वर्षांआधी मोबाइल नको, नंतर तासाच्या वर नको. तीन तास ऐकून धसका घेण्याचे कारण नाही, कारण ते एका बैठकीचे नाहीत. रांगत्या बाळापुढे वाटी घरंगळत सोडली की ते तिच्यामागे जाते. दीड-दोन वर्षांच्या मुलाला हात धरून ओट्याची पायरी चढू-उतरू द्यावी, अर्धा तांब्या पाणी तुळशीपर्यंत न्यायला सांगावे. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचा चेंडू बादलीत टाकायला तिसऱ्या वर्षी मजा येते. बेडूकउड्या त्याच सुमारास. अंगणात कोळशाने रेघ ओढून तिच्यावरून चालणे जमू लागले की लंगडी फार लांब नसते; चार-पाच वर्षांचे मूल ती घालू लागते. बोटांसाठी कणकेचा गोळा पुरे. शेंगा सोलायला मात्र लहानग्यांना बसवू नये. श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा जीव घेऊ शकतो.

खानदेशात आखाजीला कडुनिंबाला झोके बांधले जातात. माहेरवाशिणींच्या त्या झोक्यावर एखादे चिल्लेपिल्लेही मांडीवर असते. झोका घेताना कानाच्या आतली तोल राखणारी यंत्रणा कामाला लागते आणि मान व पाठ सावरून धरायला मूल शिकते. आखाजी सरली म्हणून तो लगेच सोडायचे कारण नाही. फक्त वैशाखातले ऊन ध्यानात घेऊन खेळ सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर व्हावा.

यात सरकारी वाटाही आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला बालशिक्षण वस्तीच्या अंगणात नेले, खडे-शिंपले-बियांची साधने केली. पुढे १९७५ मध्ये केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. आज कित्येक अंगणवाड्यांच्या नावातच तेवढे अंगण उरले आहे. खिचडी शिजते, वजन होते, पण पंचवीस मुलांना धावायला जागा नसते. नगरपरिषद आणि ग्रामपंचायतींनी नव्या खोलीला मंजुरी देताना कुंपणातली मातीची जागाही मागावी. तिथे पेव्हर ब्लॉक बसवू नयेत. मऊ माती, वाळूचा ढीग आणि झाडाची सावली एवढ्यावर भागते.

खेळायला मोकळीक देऊनही काही मुले मागे राहतात. नऊ महिन्यांनंतरही आधाराशिवाय न बसणारे, दीड वर्षानंतरही एकटे न चालणारे, वर्षाच्या आतच कायम एकच हात वापरणारे किंवा आधी येत असलेली हालचाल विसरणारे मूल लगेच तपासून घ्यावे. ‘त्याचा बापही उशिरा चालला’ असे म्हणत थांबण्यात मोलाचे महिने जातात. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येते आणि गरजू मुलांना मोफत उपचारांसाठी पुढे पाठवते. पथक येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. गोवराची दुसरी मात्रा आणि ट्रिपलचा बूस्टर सोळाव्या महिन्यानंतर दिला जातो. त्या दिवशी मुलाला नर्सताईंसमोर चार पावले चालवून दाखवावे.