चोरबीटी का विकली जाते? उत्तर निंदणात आहे

पेरणीच्या तोंडावर कृषी विभागाची पथके विनापरवाना कापूस बियाणे पकडतात, तरी जूनमध्ये ते पेरले जातेच. घाटंजी भागात त्याला ‘चोरबीटी’ म्हणतात. तणनाशक सहन करणाऱ्या या एचटीबीटी वाणांना केंद्राची मंजुरी नाही. जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे ते उघडपणे पेरले होते. एवढी मागणी कशासाठी, हे समजून घ्यायला हवे.

२००२ मध्ये बीटी कापूस आला तेव्हा शेतकऱ्याची मोठी अडचण हिरवी बोंडअळी होती, म्हणून तो झपाट्याने पसरला. आजची अडचण तणाची आहे. जुलैत झड लागली की वाफसा येत नाही, डवरे चालत नाहीत. उघडीप मिळताच सगळ्या गावाला एकाच आठवड्यात निंदणासाठी मजूर लागतात. चोरबीटीचे पाकीट घेणारा शेतकरी त्या आठवड्यातून सुटका शोधत असतो. आपले मेळावे आणि बियाण्यांच्या जाहिराती मात्र उत्पादन व बोंडाच्या आकारावरच बोलतात.

या सुटकेची किंमतही आहे. पक्के बिल नसल्याने उगवण झाली नाही तर दाद मागता येत नाही. ग्लायफोसेटने आंतरपिकातील तूर मरते. गुलाबी बोंडअळीपासून जादा संरक्षण मिळत नाही.

तणासाठी कायदेशीर पर्याय असे आहेत:

- पेरणीनंतर ४८ तासांच्या आत, उगवणीपूर्वी, जमिनीत ओल असताना पेंडीमेथालीन फवारावे.
- तण २ ते ४ पानांवर असताना रुंद पानांच्या तणांसाठी पायरीथायोबॅक सोडियम, गवतवर्गीय तणांसाठी क्विझालोफॉप इथाइल वापरावे. मात्रा लेबलप्रमाणे घ्यावी. पायरीथायोबॅक तुरीच्या ओळीवर जाऊ देऊ नये.
- २०१७ ची यवतमाळमधील विषबाधा विसरू नये. हातमोजे व मास्क वापरावा, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये.

कृषी सहायकांनी बैठकीत “कोणते वाण हवे?” याआधी “मागच्या वर्षी निंदण कोणत्या आठवड्यात अडले, किती मजूर कमी पडले?” असे विचारावे. त्या उत्तरावरून गटाच्या अवजार बँकेत पॉवर वीडर आणायचा की एकरी दराने निंदणाची टोळी ठरवायची, हे कळेल. कृषी सेवा केंद्रांनाही यात रास्त धंदा आहे. तणाची अडचण वेळेवर सुटली, तर चोरबीटीचे गिऱ्हाईक आपोआप कमी होईल.