विश्लेषण : जीएसटी घटला, मग किराण्याचे बिल का घटत नाही?

साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल, बिस्किटे यांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तूप, बटर, चीज, फरसाण, नूडल्स यांवरील कर १२ वरून ५ टक्के झाला. पाठोपाठ ऑक्टोबर २०२५ चा किरकोळ महागाई दर अवघा ०.२५ टक्के नोंदवला गेला. २०१२ या पायाभूत वर्षाच्या मालिकेतील हा नीचांक होता. तरीही महिन्याची यादी घेऊन वाण्याकडे जाणाऱ्या अनेक कुटुंबांचे बिल जवळपास पूर्वीएवढेच राहिले. असे का झाले आणि बचत नेमकी कुठे शक्य आहे?

महागाई दर नीचांकी, मग स्वस्ताई कुठे गेली?

महागाईचा दर वर्षभरापूर्वीच्या किमतीशी तुलना करून काढतात. त्या ऑक्टोबरमध्ये दर खाली ओढला तो प्रामुख्याने भाज्या आणि डाळींनी. आदल्या वर्षी त्या कडाडलेल्या होत्या. खाद्यतेल मात्र महागच होते. शिवाय ज्या जिनसांवर घरचा सर्वाधिक खर्च होतो, त्यांच्या करात बदल झालाच नाही. सुटे गहू, तांदूळ, डाळी आधीपासून करमुक्त आहेत. याच वस्तू २५ किलोपर्यंतच्या छापील पाकिटात घेतल्या तर ५ टक्के कर जुलै २०२२ पासून लागतो आणि तो कायम आहे. खाद्यतेलावरील ५ टक्के आणि धुण्याच्या पावडरवरील १८ टक्केही तसेच.

समजा, महिन्याचे बिल ६ हजार रुपये आहे. त्यात एक हजाराच्या वस्तू १८ वरून ५ टक्क्यांवर आल्या, तर पूर्ण लाभ मिळाल्यास ११० रुपये वाचतात. आठशे रुपयांच्या वस्तू १२ वरून ५ वर आल्या, तर ५० रुपये. म्हणजे एकूण १६०. पाच लिटर तेल लागणाऱ्या घरात तेल लिटरमागे २० रुपयांनी महागले, की त्यातले १०० तिथेच गेले.

पाच रुपयांचा पुडा पाचच रुपयांना का?

कर १८ वरून ५ टक्के झाल्यावर पाच रुपयांचा बिस्किटपुडा हिशेबाने ४ रुपये ४५ पैशांना मिळायला हवा. पण पंचावन्न पैसे परत देणार कोण? म्हणून कंपन्या किमतीऐवजी वजन बदलतात. कर कमी झाल्यावर ५० ग्रॅमचा पुडा साधारण ५६ ग्रॅमचा व्हायला हवा. तो झाला की नाही, हे पुड्याच्या मागची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय कळत नाही. कच्चा माल महागतो तेव्हा हेच उलट दिशेने होते. किंमत पाच-दहा रुपयेच राहते, आतला माल कमी होतो.

पूर्वी याला थोडा चाप होता. वैधमापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ मध्ये चहा, मीठ, साबण, बिस्किटे, खाद्यतेल अशा वस्तू ठरावीक वजनातच विकण्याचे बंधन होते. २०२१ मधील दुरुस्तीने ते काढण्यात आले. त्यामुळे एक लिटरच्या पिशवीशेजारी तशीच दिसणारी ८५० मिलिलिटरची पिशवी ठेवणे आता नियमबाह्य नाही.

पाकिटावरची ‘एकक किंमत’ कितपत उपयोगी?

बंधन काढताना त्याच दुरुस्तीने ग्राहकाच्या हाती एक साधन दिले. एमआरपीबरोबर प्रति ग्रॅम, प्रति किलो, प्रति मिलिलिटर किंवा प्रति नग किंमत छापणे बंधनकारक केले. अंमलबजावणीच्या तारखा पुढे ढकलल्या गेल्या, पण आता बहुतेक पाकिटांवर ती दिसते. दोन ब्रँडमधले स्वस्त कोणते, हे ठरवण्याचा हाच सरळ मार्ग.

तरी त्यात एक मेख आहे. एक किलोपेक्षा कमी वजनावर किंमत ‘प्रति ग्रॅम’ आणि त्याहून जास्त वजनावर ‘प्रति किलो’ छापली जाते. शिवाय आकडा दोन दशांश स्थळांपर्यंतच असतो. अर्धा किलो पोहे एका कंपनीचे २८ रुपयांना आणि दुसरीचे ३२ रुपयांना असतील, तरी दोन्ही पाकिटांवर ‘०.०६ रुपये प्रति ग्रॅम’ असेच येईल. प्रत्यक्षात फरक किलोमागे आठ रुपयांचा आहे! स्वस्त वस्तूंच्या बाबतीत हा नियम असा लंगडा पडतो. तिथे मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर किमतीला वजनाने भागून हजाराने गुणणे, हाच खात्रीचा उपाय. मोठे पाकीट नेहमी स्वस्त असते, हा समजही त्यातून अनेकदा खोटा ठरतो.

तेलाचा डबा १५ किलोचा की १५ लिटरचा?

सणासुदीला तेलाचा डबा घेणाऱ्यांनी विचारावा असा हा पहिला प्रश्न. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३ किलो ६५० ग्रॅमच तेल असते. १५ किलोच्या डब्यापेक्षा ते १ किलो ३५० ग्रॅमने कमी. किलोला १५० रुपये दर धरला, तर हा फरक दोनशे रुपयांचा होतो. म्हणजे वर काढलेल्या जीएसटीच्या मासिक बचतीहून अधिक! तेल गरम झाले की प्रसरण पावते, म्हणून तुलना लिटरपेक्षा वजनावर करावी. ते पाकिटावर छापलेले असते.

वर्षाचे धान्य भरणे परवडते का?

उन्हाळ्यात नवा गहू आला की वर्षाची बेगमी करायची, कडुनिंबाचा पाला घालून कोठी भरायची, ही महाराष्ट्रातील जुनी रीत. सुट्या धान्यावर कर नाही. २५ किलोहून मोठ्या एकाच गोणीवरही नाही. २६ आणि ३० किलोच्या तांदळाच्या गोण्या बाजारात दिसू लागल्या त्या यामुळेच. तयार आट्याशी तुलना करताना मात्र गव्हाच्या दरात दळणाचे पैसे, निवडताना आणि दळताना जाणारी तूट मिळवावी. कीड लागून पाच-दहा किलो टाकावे लागले, तर सगळा हिशेब उलटतो. शहरातल्या दोन खोल्यांत कोठी ठेवायची कुठे, हाही प्रश्न आहेच.

घरपोच मागवल्यास?

दीडशे रुपयांच्या सामानावर दहा रुपये ‘हाताळणी शुल्क’ लागले, तर ते जवळपास सात टक्के होतात. १२ वरून ५ टक्के झालेल्या करकपातीचा लाभ सव्वासहा टक्क्यांचाच असतो. दोन-तीन वेळा थोडे थोडे मागवण्यापेक्षा एकदाच यादी करणे म्हणूनच स्वस्त पडते.

रोजच्या कमाईवर खरेदी करणाऱ्यांचे काय?

गोणी, डबा, महिन्याची यादी या साऱ्याला एकरकमी पैसे लागतात. २०२३-२४ च्या केंद्र सरकारच्या घरगुती खर्च पाहणीनुसार ग्रामीण भागात दरडोई मासिक खर्चाचा ४७ टक्के, तर शहरांत सुमारे ४० टक्के वाटा अन्नावर जातो. संध्याकाळी मजुरी हाती आल्यावर पावशेर डाळ आणि तेलाची छोटी पिशवी घेणाऱ्याला मोठ्या पाकिटाची सवलत मिळत नाही. शाम्पूची पुडी हा अपवाद. ती मिलिलिटरमागे बाटलीपेक्षा अनेकदा स्वस्त पडते. या कुटुंबांची खरेदी मुख्यतः पाच-दहा रुपयांच्या पुड्यांत होते. पुड्यातले ग्रॅम घटले, तर सर्वाधिक फटका त्यांनाच बसतो. छापील वजनापेक्षा माल कमी भरला किंवा एमआरपीहून जास्त पैसे घेतले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. वजन कायदेशीरपणे कमी छापले असेल, तर मात्र तक्रारीला जागा नाही.