मिलची कात्री

आमच्या वाशीत गप्पांमध्ये कुणी 'मुस्लिम काळ' म्हणाला, की एकाची छाती फुगते, दुसऱ्याच्या मुठी आवळतात. हा शब्द कुणाचा, हे मात्र कुणीच विचारत नाही.

तो रुजवला जेम्स मिल या स्कॉटिश लेखकाने. हिंदुस्थानात पाऊल न टाकता, इथली भाषा न शिकता त्याने १८१७ मध्ये आपला इतिहास लिहिला आणि हिंदू, मुस्लिम, ब्रिटिश असा कापला. आपल्या काळांना धर्माचे नाव. स्वतःच्या राज्याला मात्र 'ख्रिस्ती' म्हटले नाही! १८१९ मध्ये कंपनीने त्याला नोकरीत घेतले.

त्याच स्कॉटलंडच्या रॉबर्ट बर्न्सने माणसामाणसांची बरोबरी गायिली. पण १७८६ मध्ये तोही जमैकातल्या गुलामांच्या मळ्यावर नोकरीला निघाला होता. म्हणजे परक्यांची क्रांतीही पारखूनच घ्यावी.

मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफही स्कॉटिशच. त्याच्या चुका नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने १८६० च्या दशकात जाहीरपणे दाखवल्या. मिलची कात्री मात्र आपण अजून जपतो. मराठीत 'योगसंग्राम' लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद तिच्या कोणत्या तुकड्यात बसवणार? संयुक्त महाराष्ट्रासाठी गाणारे बार्शीचे शाहीर अमर शेख कोणत्या?

बादशहांच्या काळातही आपला पिंजारी कापूसच पिंजत होता. त्याचा इतिहास कुणी लिहायचा? मुस्लिम मराठी लेखकाने आधी ही कात्री खाली ठेवावी, मगच लेखणी उचलावी.