मुंबई वसवली कोणी आणि वस्त्या वाटल्या कोणी?

मुंबईचा इतिहास सांगायचा म्हटला की एक ठरलेली कथा सुरू होते. सात बेटे होती. १६६१ च्या विवाह-करारात ती पोर्तुगिजांनी इंग्लंडच्या राजाला आंदण दिली. १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला दिली. मग भराव पडले, गिरण्या आल्या आणि शहर उभे राहिले. या कथेत राजे, गव्हर्नर आणि शेटिये भेटतात. भराव टाकणारे हात कोणाचे होते आणि संध्याकाळी ते कुठल्या वस्तीत परतत होते, हे मात्र कोणी विचारत नाही. आम्हाला हाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो, कारण मुंबईतल्या जातीचा नकाशा त्यातूनच उलगडतो.

नावेच पाहा. कोळीवाडा, कुंभारवाडा, आगरीपाडा, लोहार चाळ. निजामाच्या मुलखातून आलेल्या तेलुगू भाषिक कामाठी मजुरांवरून कामाठीपुरा. गावात जसा वाडा तसाच शहरात पाडा. गोऱ्यांनी स्वतःसाठी किल्ला राखला. १८०३ च्या आगीनंतर किल्ल्याबाहेरचे 'नेटिव्ह टाउन' वाढत गेले, आणि तिथेही प्रत्येक जातीने आपापली गल्ली धरली. शहरात आले की जात गळून पडते असे म्हणणाऱ्यांनी ही नावे एकदा मोठ्याने वाचावीत.

पुढे १८५० च्या दशकात कापडगिरण्या सुरू झाल्या. कोकणातून आणि देशावरून आमचे पूर्वज आले. गावकीची कामे, बलुत्याचे तुकडे आणि दुष्काळ मागे टाकून आले. गोदी, रेल्वे, गिरणी, नगरपालिकेची सफाई, मिळेल तिथे राबले. पण गिरणीच्या फाटकावर जात उभीच होती. चांगल्या पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागते, मग आम्ही बाटणार, असे सवर्ण कामगारांचे म्हणणे होते. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. कमी पगाराचे खाते म्हणजे कमी भाड्याची खोली, आणि कमी भाड्याची खोली म्हणजे ठरावीक वस्ती. जात अशी पगारातून घरापर्यंत पोहोचते.

१८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला. त्यानंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गलिच्छ वस्त्या पाडून शहर निरोगी करायचे, हा त्याचा उद्देश. पण जुन्या खोल्या पाडण्याचा वेग जास्त आणि नव्या बांधण्याचा कमी, त्यामुळे गरीब माणूस पुढच्या दाटीत ढकलला गेला. याच ट्रस्टने परळला कामगारांच्या चाळी बांधल्या आणि याच ट्रस्टने दादर-माटुंग्याला मध्यमवर्गासाठी प्रशस्त भूखंड आखले. तिथल्या वसाहतींची नावेच हिंदू कॉलनी, पारसी कॉलनी.

बाबासाहेबांचे आयुष्य या दोन टोकांमधला प्रवास आहे. परळच्या पोयबावडीच्या ट्रस्ट चाळीत, दोन खोल्यांत, त्यांनी वीसएक वर्षे काढली. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात त्यांचे घर तेच होते. पुढे हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधले, ते पुस्तकांसाठी. ज्या आखणीत आपल्याला जागा ठेवलेली नव्हती, तिथे एका अस्पृश्याने ग्रंथालय उभे केले. आम्ही राजगृहाला केवळ स्मारक मानत नाही, ते शहराच्या जातीय नकाशाला दिलेले उत्तर आहे.

१९२० नंतर सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. आपण त्यांना बीडीडी म्हणतो. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. सुरुवातीला अनेक खोल्या रिकाम्या पडून होत्या. नंतर त्या भरल्या, पण इथेही दलितांच्या इमारती वेगळ्या झाल्या. १९७४ च्या वरळी दंगलीत कोणावर दगड मारायचा हे इमारतीच्या क्रमांकावरून ठरत होते, ते या विभागणीमुळेच. आणि याच वेगळ्या पाडलेल्या इमारतींनी विहारे, वाचनालये, जलसे, पँथरच्या छावण्या दिल्या, हेही तितकेच खरे.

आज या चाळी पाडल्या जात आहेत. १६० च्या जागी ५०० चौरस फुटांचे घर मिळते आहे. त्याला आमचा विरोध नाही. आमच्या माणसांनी शंभर वर्षे दाटीत काढली, त्यांना मोठे घर मिळायलाच हवे. आमचा आक्षेप वेगळा आहे. भिंती पडताना त्यांच्यासोबत पुरावाही जातो आहे. उद्या त्या जागेवर टॉवर असेल, परळचे नाव बिल्डरच्या जाहिरातीत 'अप्पर वरळी' होईल, आणि आपली मुले पुन्हा सात बेटांचीच कथा पाठ करतील.

थोडे आत्मपरीक्षणही करू. आपण सांगतो तो इतिहासही अपुरा आहे. त्यात बाबासाहेबांची चाळ येते, पण सफाई कामगारांच्या वसाहतीतले गुजरातचे मेघवाळ आणि रुखी येत नाहीत, माटुंगा लेबर कॅम्पातला मातंग समाज येत नाही, गिरणीच्या वाइंडिंग खात्यात उभ्या आयुष्याची झिजलेली आई येत नाही. दुसऱ्याने आपल्याला वगळले म्हणून रागावणाऱ्यांनी स्वतः कोणाला वगळू नये.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे आहे. जयंतीच्या वर्गणीतला थोडा पैसा आणि वर्षातले काही रविवार या कामाला द्या. आपल्या इमारतीतल्या सर्वांत वृद्ध आजीकडे बसा. कोणत्या गावाहून आलात, खोली कोणाच्या नावावर होती, भाडे किती, पाणी कुठून भरत होता, विहार कोणी बांधले, हे विचारा आणि रेकॉर्ड करा. जुन्या भाडेपावत्या, रेशनकार्डे, लग्नपत्रिका यांचे फोटो काढून ठेवा. खोली रिकामी करण्याची नोटीस आल्यावर धावपळीत पहिल्यांदा फेकली जाते ती पत्र्याची जुनी पेटी. ती फेकण्याआधी उघडा.

जय भीम.